तेलाबरोबर येणारं खारं पाणी: कोकण किनाऱ्यावर विल्हेवाटीची परवानगी कशी मागायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. उरणच्या बाजूला एका किनारी केंद्रात समुद्रातून नळाने येणाऱ्या कच्च्या तेलातलं पाणी वेगळं केलं जातं, रोज साधारण ५०० घनमीटर. एका तरुण इंजिनिअरच्या कंपनीला या पाण्याच्या विल्हेवाटीचं कंत्राट मिळायची शक्यता आहे. अर्ज कुणी करायचा, कुणाकडे करायचा, वेळ किती धरायचा आणि अमेरिकेत करतात तसं हे पाणी खोल विहिरीत सोडायची परवानगी इथे मिळेल का, असं त्यांनी विचारलं आहे. रायगड-रत्नागिरीत याच प्रकारच्या परवानग्यांचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कोकणात जमिनीवर खोल विहिरीचा विचार सोडून द्या. इंटरनेटवर शोधलंत की टेक्सासचे फॉर्म पुढ्यात येतात. तिथे हे काम रेलरोड कमिशनकडे असतं; नाव रेल्वेचं, पण नियंत्रण तेल-वायूवर. ज्या थरातून तेल निघत नाही त्यात पाणी सोडायचं असेल तर डब्ल्यू-१४ हा फॉर्म, तेलाच्याच थरात सोडायचं असेल तर एच-१. विहिरीभोवतीच्या पाव मैलातल्या जुन्या विहिरी दाखवायच्या, जमीनमालकाला नोटीस द्यायची, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, आवरण-नळी गळत नाही हे चाचणीने सिद्ध करायचं. पद्धत चांगली आहे. पण तिचा पाया म्हणजे तिथला भूगर्भ: सच्छिद्र वाळूखडकाचा थर, त्याच्यावर घट्ट झाकण, आणि तेल काढून रिकाम्या झालेल्या विहिरी. आपल्याकडे गुजरातेत अंकलेश्वर-मेहसाणा भागात किंवा आसामात असं काही मिळतं. कोकणात नाही.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, थरावर थर, आणि त्याला भेगा आहेत. या भेगांतून पाणी किती खोलवरून वर येतं ते पाहायचं असेल तर पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, संगमेश्वराकडची आरवली-तुरळची गरम पाण्याची कुंडं बघा. खालून वर यायला वाट आहे, तर आपण खाली ढकललेलं खारं पाणी कुणाच्या तरी विहिरीत वर यायलाही वाट आहे. शिवाय सह्याद्रीच्या पलीकडे कोयना आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आणि धरणाच्या पाण्याशी जोडला गेलेला तिथला भूकंपांचा सिलसिला कोकणातल्या जुन्या माणसांना सांगावा लागत नाही. ओक्लाहोमात खोल विहिरींत तेलक्षेत्राचं पाणी सोडून भूकंप वाढले, २०१६ मध्ये पॉनीजवळ ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. हे सगळं माहीत असताना इथे असा अर्ज कुणी करू नये आणि केला तर तो मंजूर होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. समुद्रातल्या तेलक्षेत्रात पाणी पुन्हा थरात सोडणं हा वेगळा विषय आहे. तो तेलक्षेत्र चालवणाऱ्या कंपनीचा निर्णय असतो, किनाऱ्यावरच्या कंत्राटदाराचा नाही.

आता अर्जदार कोण? बहुतेक कंत्राटदार इथेच अडकतात. पाणी ज्याच्या केंद्रात तयार होतं, त्याच्या कन्सेंटमध्ये, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या (बोर्डाच्या) संमतीपत्रात, ते किती, किती शुद्ध करून आणि कुठे जाणार हे लिहिलेलं असावं लागतं. तुमची कंपनी फक्त शुद्धीकरण यंत्रणा चालवणार असेल तर अर्ज केंद्राचा, तुमचं नाव फार तर चालक म्हणून. तुम्ही पाणी बाहेर नेऊन स्वतःच्या जागेत शुद्ध करून सोडणार असाल तर दोन कन्सेंट लागतात: त्यांच्यात तुमच्याकडे पाठवण्याची अट आणि तुमचा स्वतंत्र. कंत्राटावर सही करण्याआधी केंद्राच्या चालू कन्सेंटची प्रत मागा. त्यात सांडपाण्याचं प्रमाण ३०० घनमीटर लिहिलेलं असेल आणि प्रत्यक्षात ५०० येत असेल, तर आधी त्यांनी दुरुस्तीचा अर्ज करायला हवा. ‘तुम्ही सुरू करा, कागद मागून येतील’ असं कुणी म्हणालं तर काम सोडून द्या. टँकर भरून रात्री नाल्यात सोडणारे असेच कागद मागून येण्याची वाट बघत असतात.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. पाणी शेवटी कुठे जाणार हे ठरल्याशिवाय अर्जाची एकही ओळ लिहू नका. बोर्डातला अधिकारी, किनारा प्राधिकरणातला तज्ज्ञ आणि गावातला मच्छिमार, तिघेही हाच प्रश्न विचारतात.

पर्याय तीनच उरतात. पहिला, सामाईक सांडपाणी केंद्रात पाठवणं. औद्योगिक वसाहतींतली ही केंद्रं जिवाणूंवर चालतात, आणि अचानक आलेल्या खाऱ्या पाण्याने ते जिवाणू मरतात. केंद्रचालकाने लेखी संमती दिली तरी त्यांच्या कन्सेंटमध्ये एवढं क्षारयुक्त पाणी घ्यायला जागा आहे का ते तपासा. बहुधा नसते.

दुसरा पर्याय, पाणी आटवून मीठ काढणं. कागदावर हा फार छान दिसतो. हिशेब करून बघा: पाण्यात लिटरला ३० ग्रॅम क्षार असतील तर ५०० घनमीटरमधून रोज १५ टन मीठ निघेल, तेही तेलकट आणि ओलं. पेण-उरणच्या मिठागरांत हे कुणी घेणार नाही, घेऊही नये. ते सगळं पैसे मोजून घातक कचरा केंद्रात पुरावं लागेल. उघड्या तळ्यांत उन्हाने आटवायचं म्हणाल तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत तळं आटायच्या ऐवजी भरतं, आणि भरून वाहिलं तर खारेपाटातल्या भातशेतीत जातं. खारबंदिस्ती फुटून शेतात समुद्र शिरला की ती जमीन किती वर्षं भात देत नाही, हे तिथल्या शेतकऱ्याला चांगलं ठाऊक आहे. त्याच्या शेजारी असं तळं मागू नका.

म्हणून बहुतेक वेळा तिसरा पर्याय उरतो: नीट शुद्ध करून, नळ टाकून, समुद्रात. आणि इथे मानकं समजून घ्यावी लागतात, कारण एकाच उद्योगासाठी ठिकाणानुसार वेगवेगळे आकडे आहेत. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ च्या पहिल्या अनुसूचीत तेल उत्खनन उद्योगाची मानकं आहेत. किनाऱ्यावरच्या केंद्रातून समुद्रात सोडायचं तर तेल व ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅम, तरंगते घन पदार्थ १००, बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) ३०, सामू (पीएच) ५.५ ते ९. समुद्रातल्या फलाटावरून सोडायचं तर तेल ९५ टक्के निरीक्षणांत ४० च्या आत आणि कधीही १०० च्या वर नाही, दर आठ तासांनी एक असे दिवसाला तीन नमुने घेऊन. त्यात ‘पातळ न करता’ असे शब्द आहेत. ते शब्द तुमच्या किनाऱ्यावरच्या नमुन्यालाही लागू आहेत असंच धरून चाला. थंड करायचं पाणी मिसळून मग नमुना काढला, तर तो अहवाल तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरतो. आणि जमिनीवर किंवा नदीनाल्यात सोडायचं असेल तर क्लोराइड ६०० आणि एकूण विरघळलेले क्षार २,१००.

या ६०० चा अर्थ पाहा. साध्या समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं. म्हणजे खुद्द समुद्राचं पाणीही जमिनीवर सोडता येणार नाही, तिथे तेलक्षेत्राचं पाणी कुठून बसणार? त्यामुळे ‘शुद्ध केलेलं पाणी बागेला वापरू’ हे वाक्य अर्जात दिसलं की अर्जदाराने पाण्याचा अहवालच पाहिलेला नाही हे लगेच कळतं.

अहवालाबद्दल थोडं जवळून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. नमुना घेणारा पोरगा पिण्याच्या पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली घेऊन येतो, दोनदा त्याच पाण्याने खंगाळतो आणि भरतो. तेल बाटलीच्या भिंतीला चिकटतं. लॅबमध्ये अर्धं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून तपासलं की आकडा खरा येतच नाही. तेलासाठी रुंद तोंडाची काचेची बाटली वेगळी हवी, न खंगाळता भरलेली, काठोकाठ नाही, जागेवरच आम्ल घालून सामू २ च्या खाली आणलेली. आणि लॅबने ती संपूर्ण बाटली वापरायची, बाटलीची भिंत विद्रावकाने धुऊन घ्यायची. दुसरी गोष्ट सीओडीची, म्हणजे घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनची. बोर्ड अनेकदा तीही मागतं. क्लोराइड लिटरला २,००० मिलिग्रॅमच्या वर गेलं की नेहमीच्या डायक्रोमेट पद्धतीत क्लोराइडच रसायन खातं आणि सीओडी फुगून येते. असा फुगलेला आकडा पाहून बोर्डाने विनाकारण दुप्पट यंत्रणेची अट घातल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त लॅब निवडताना ‘खाऱ्या पाण्याची सीओडी कशी करता?’ एवढंच विचारा. उत्तर देताना अडखळले तर दुसरी लॅब बघा. बीओडीसाठीही खाऱ्या पाण्याला सरावलेले जिवाणू लागतात, नाहीतर बीओडी खोटी कमी येते, आणि ती तर जास्त धोक्याची.

बाकी अहवालात काय हवं? तेल, फिनॉल, सल्फाइड, अमोनिया, जड धातू, बेरियम. गंजरोधक, जिवाणूनाशक, तेल-पाणी फोडायची रसायनं, जी जी घातली जातात त्यांची नावं आणि मात्रा. किरणोत्सारी रेडियमची तपासणीही करून घ्या. खोल थरातल्या पाण्यात ते असू शकतं आणि टाकीच्या तळाच्या गाळात, नळाच्या आत जमणाऱ्या पापुद्र्यात ते साचतं.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अर्ज आता ऑनलाइन आहे. जल अधिनियम, १९७४ च्या कलम २५ खाली आधी उभारणीची, मग चालवण्याची संमती. भांडवली गुंतवणुकीचा सीएचा दाखला, त्यावरून फी, जागेची कागदपत्रं, प्रक्रियेचा आराखडा, पाण्याचा ताळेबंद. हे भरायला अवघड नाही. फक्त ताळेबंद जुळला पाहिजे: आत आलेलं पाणी आणि बाहेर गेलेलं पाणी यांत फरक राहिला तर फील्ड ऑफिसर तोच धरतो, आणि बरोबरच करतो.

त्याच कायद्यात लिहिलं आहे की पूर्ण अर्ज केल्यापासून ४ महिन्यांत उत्तर आलं नाही तर संमती मिळाली असं समजावं. यावर विसंबून कुणी नळ टाकायला घेऊ नये. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बोर्डाने एक क्वेरी काढली की अर्ज अपूर्ण ठरवायला वाट मोकळी होते. नकार मिळाला किंवा अट मान्य नसली तर कलम २८ खाली ३० दिवसांत अपील करता येतं. ती मुदत मात्र पाळा.

समुद्रात नळ टाकायचा म्हणजे किनारा नियमन क्षेत्र आलं. भरतीरेषा-ओहोटीरेषा दाखवणारा १:४,००० चा नकाशा मान्यताप्राप्त संस्थेकडूनच करून घ्यावा लागतो, त्यावर तुमच्या नळाची रेषा, आणि प्रकल्पाभोवती ७ किलोमीटरचा वेगळा नकाशा. सांडपाणी सोडणार असाल तर प्रदूषण मंडळाची ना-हरकतही जोडावी लागते, म्हणजे दोन्ही अर्ज एकमेकांत अडकलेले असतात. राज्याचं किनारा क्षेत्र प्राधिकरण शिफारस करतं. पाणी वाढण्याचं कारण तेल-वायू उत्पादनाचा विस्तार असेल तर पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरीही लागू शकते, आणि मग जनसुनावणी. हे आधी केंद्राच्या मालकाकडून स्पष्ट करून घ्या.

उरण भागात नळाच्या रस्त्यात तिवरं (कांदळवन) लागणारच. २००५ च्या अंतरिम आदेशानंतर १७ सप्टेंबर २०१८ ला मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला सरसकट मनाई केली, भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायला सांगितला. सार्वजनिक हिताचं काम असेल तरच, तेही न्यायालयाची परवानगी घेऊन. त्यामुळे नळाची रेषा आखतानाच कांदळवन कक्षाचा नकाशा टेबलावर घ्या. दोनशे मीटर वळसा पडला तरी तिवरं टाळा. तेवढ्या नळाचा खर्च न्यायालयात जाणाऱ्या वेळेपुढे काहीच नाही, आणि तिवरं वाचतात ते वेगळंच.

आता प्रसार-अभ्यास. म्हणजे नळाच्या मुखातून निघालेलं पाणी कुठे जातं आणि किती पातळ होतं याचं गणित. मुख खाडीत ठेवू नका, हे पहिलं. धरमतर असो, करंजा असो, दाभोळ असो, खाडीतलं पाणी भरतीबरोबर आत जातं आणि सुकतीबरोबर पूर्ण बाहेर पडत नाही. तेच पाणी दोन-तीनदा आत-बाहेर होतं. उधाणाला प्रवाह जोरदार असतो, सगळं छान मिसळतं. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत पाणी मंद असतं आणि तेव्हाच साठतं. म्हणून प्रवाहमापक किमान १५ दिवस सलग ठेवायचा, म्हणजे उधाण आणि भांग दोन्ही सापडतात. पाणी समुद्रापेक्षा खारं असेल तर ते जड असतं, वर न येता तळाशी पसरतं. तिसऱ्या (शिंपल्या), कालवं, खेकडे तळाशीच असतात. तेव्हा एका मोठ्या तोंडाऐवजी अनेक छोट्या तोंडांचा विसर्जक लावून पाणी वरच्या दिशेने जोरात सोडावं लागतं.

आणि पाऊस. पर्यावरण अहवालासाठी पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती चालते, म्हणून सगळे सल्लागार जानेवारी-फेब्रुवारीत नमुने घेऊन मोकळे होतात. कोकणात ही माहिती अपुरी आहे. मे महिन्यात खाडीच्या मुखाशी समुद्राइतकंच खारं पाणी असतं, जुलैत तिथेच नदीचं गोडं पाणी वरून वाहत असतं आणि खारं खाली. तुमचं पाणी या दोन थरांत कुठे अडकेल ते पावसाळ्यातच कळतं. मागितलं नसलं तरी दोन हंगाम मोजा. माझ्या अनुभवात एवढ्या एका गोष्टीने तज्ज्ञ समितीतले निम्मे प्रश्न संपतात.

मुखाची जागा ठरवण्याआधी कोळीवाड्यात जा. सुनावणीच्या दिवशी जाऊन उपयोग नाही. डोलीचे (समुद्रात रोवून जाळी बांधायचे) खुंट कुठे आहेत, कोळंबी कोणत्या महिन्यात आत येते, बायका तिसऱ्या कोणत्या खडपावर काढतात, हे कुठल्याही अहवालात नसतं. ते तिथल्या नाखवाकडे असतं. नकाशाची मोठी प्रत न्या, त्यावर त्यांनाच खुणा करू द्या, मच्छिमार सोसायटीच्या पत्रासह ती अर्जाला जोडा. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने उरण-पनवेलच्या १,६३० मच्छिमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता. प्रकरण बंदराच्या भरावाचं होतं, पण खाडीवर कुणाचं पोट चालतं हे कागदावर आधी न आणल्याचा परिणाम काय होतो, ते त्यात दिसतं. त्यांच्याशी बोलताना ‘१० मिलिग्रॅम’ सांगू नका, वजन सांगा: ५०० घनमीटरला १० मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला ५ किलो तेल, वर्षाला १,८०० किलोंहून थोडं जास्त. ते विचारतील, ‘आणि बंद पडलं तर?’ याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

कारण यंत्रणा सरासरी दिवशी बिघडत नाही. नळ साफ करायला आत ‘पिग’ सोडतात, तो किनाऱ्यावर पोचतो तेव्हा त्याच्यापुढे ढकललेलं पाणी, मेण आणि गाळ एकदम येतो. त्या काही तासांत तिरप्या पत्र्यांचे तेलविलगक आणि हवेने तेल तरंगवणारी टाकी दोन्ही हरतात. आणि जुलैतला एक दिवस धरा: टाक्यांभोवतीचं बंदिस्त आवार एक हेक्टर, पाऊस २०० मिलिमीटर. म्हणजे २,००० घनमीटर तेलकट पावसाचं पाणी, तुमच्या रोजच्या पाण्याच्या चौपट, एका दिवसात. असा पाऊस रायगड-रत्नागिरीत पडतो हे सांगायला हवामान खातं नको. अर्जात या दोन दिवसांसाठी वेगळी साठवण टाकी, तिची क्षमता, आणि मुखाशी तेल जास्त दिसलं तर पाणी आपोआप परत फिरवणारी झडप दाखवा. हे मागितलं जाईपर्यंत थांबू नका. झडप कुणाच्या हाती, रात्रपाळीला कोण, हेही लिहा.

गाळ विसरू नका. तेल असलेला गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत पहिल्या अनुसूचीत २.२ क्रमांकावर आहे. त्याचं वेगळं प्राधिकारपत्र आणि तळोज्यासारख्या मान्य सुविधेचं सभासदत्व कन्सेंटच्या अर्जाबरोबरच लावा.

वेळेबद्दल: आज तुमच्या हातात फक्त कंत्राटाचा मसुदा आहे. पाण्याचा खरा अहवाल आणि केंद्राचं कन्सेंट आधी मिळवा, याला महिना-दीड महिना. मग पावसाळ्याची आणि त्यानंतरची अशी दोन मोजमापं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्याला असतात, कोळीवाड्यात बसून बोलायला तोच काळ बरा. खवळलेल्या समुद्रात मात्र उपकरण टाकता येत नाही, तेव्हा पावसाळी मोजमाप ऑगस्टच्या उघडिपीत धरा. नकाशा आणि प्रसार-अभ्यास डिसेंबरपर्यंत, अर्ज जानेवारीत. जनसुनावणी लागली तर ३० दिवसांची जाहीर नोटीस धरून आणखी तीन-चार महिने. समुद्रातला नळ टाकायचं काम पुढच्या ऑक्टोबरच्या आधी सुरू होत नाही. कंत्राटात ‘सहा महिन्यांत सुरुवात’ असं कलम असेल तर सहीआधी ते बदलून घ्या, किंवा तोपर्यंत केंद्राने स्वतःच्या जुन्या व्यवस्थेत आणि जुन्या मर्यादेत पाणी सांभाळायचं, असं स्पष्ट लिहून घ्या.